शेंग्याच्या नोंदी: दोन लहान मुलांच्या घरात डॅशहंडचं पिल्लू, सोलापूर

१६ नोव्हेंबर

जात ठरली, डॅशहंड: लांब अंग, आखूड पाय.

घरात आम्ही दोघं, सासूबाई, नऊ वर्षांची थोरली आणि चार वर्षांचा धाकटा. सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे अंगावर झेप घेणारं मोठं कुत्रं नको हे पहिल्यापासून नक्की होतं. इथल्या हवेला गावठी पिल्लूच सगळ्यांत चांगलं असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांच्याकडे मोकळं अंगण आहे आणि घरात कुणाचा तोल जायची भीती नाही, त्यांनी तेच आणावं.

थोरलीला पग हवा होता, धाकट्याला झिपऱ्या केसांचा शिह त्झू. दोघांनाही नाही म्हटलं ते सोलापूरच्या एप्रिल-मेमुळे. पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि रात्रीसुद्धा भिंती हात लावू देत नाहीत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जीभ आणि श्वासमार्गातला ओलावा उडतो, तेवढीच त्याची थंड व्हायची सोय. पग आणि शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या नाकपुड्या अरुंद असतात आणि आतला मऊ टाळू लांब असतो, म्हणून ही सोयच अपुरी पडते. दिवसभर एसी चालणार असेल तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे कूलर आहे, आणि वीज गेली की तोही नाही.

पॉमेरेनियनचा विचार केला होता. पण त्याची हाडं फारच नाजूक, आणि चार वर्षांच्या मुलाच्या हातातून निसटला तर पुढचा पाय मोडायला तेवढी उंची पुरते. डॅशहंडचं नाक लांब, केस आखूड, अंग भरीव. त्याचं दुखणं पाठीत. पाय आखूड ठेवणारा जो वाढीतला फरक आहे, त्यानेच मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक होतात आणि सरकू शकतात. साधारण चार-पाच डॅशहंडांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. म्हणजे जिना नाही, पलंगावरून उडी नाही, वजन वाढू द्यायचं नाही, आणि उचलायचं ते दोन्ही हातांनी. पुढच्या बहुतेक नोंदी याच्याभोवतीच्या आहेत.

२३ नोव्हेंबर

एका दुकानात पिल्लू दाखवलं. वय विचारल्यावर आधी 'दोन महिने' म्हणाले, मग 'दीडेक'. दात जेमतेम फुटलेले होते. २०१७च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नियम बाजूला ठेवला तरी आमच्यासारख्या घराला हे वय महत्त्वाचं आहे. किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. ते शिकायच्या आधी उचललेलं पिल्लू तो धडा आपल्या मुलांच्या हातांवर गिरवतं.

शेवटी बार्शीला एका घरी ठरवलं. आई समोर होती, मी बसल्याबरोबर येऊन हात हुंगून गेली. तिची पाठ कधी धरली का, हे विचारलं. लसीचं आणि जंताच्या औषधाचं कार्ड पाहिलं. त्या घरातही शाळेत जाणारी मुलं आहेत, म्हणून पिल्लांना आरडाओरड्याची सवय होती. किंमत १४,००० रुपये. नऊ आठवडे झाल्यावर न्यायचं ठरलं.

३० नोव्हेंबर

घराची तयारी. पैसे सगळ्यांत जास्त इथे गेले आणि काम दोनदा करावं लागलं.

हॉलच्या कोपऱ्यात फॅब्रिकेटरकडून लोखंडी गजांचं कुंपण करून घेतलं, २,३०० रुपये. दोन गजांमधलं अंतर तीन इंच ठेवलं गेलं. धाकट्याच्या रबरी चेंडूने तपासलं तर तो आरपार गेला, म्हणजे पिल्लाचं डोकंही अडकणार. गज काढण्यापेक्षा खालच्या फूटभर उंचीला बारीक जाळी बांधून घेतली. करायला देताना दीड इंच सांगा, जाळीचा खर्च वाचेल.

माडीच्या जिन्यापुढे आधी प्लायवूडची फळी उभी केली, मोठ्यांनी ओलांडून जायची. ती सासूबाईंना ओलांडता येईना. एका हातात ताट आणि दुसरा हात भिंतीला, असं मी त्यांना पाहिलं आणि त्याच दिवशी फळी काढली. तिथे आता बिजागरीचं अर्धं दार आहे, कडी धाकट्याच्या हाताला न येणाऱ्या उंचीवर. १,६०० रुपये.

फरशीचा प्रश्न अनपेक्षित होता. स्वयंपाकघरात जुनी शहाबादी आहे, ती खरखरीत आणि थंड. हॉलमध्ये मात्र गुळगुळीत टाइल्स. आखूड पायाचं पिल्लू तिच्यावर घसरलं की मागचे पाय फाकतात आणि झटका पाठीला बसतो. धावायच्या वाटेवर रबरी पाठीच्या चटया टाकल्या.

६ डिसेंबर

आला. मुलांनी नाव शेंग्या ठेवलं, कारण रंग आणि आकार दोन्ही भाजलेल्या शेंगेसारखे.

गाडीत उलटी होऊ नये म्हणून निघण्याआधी काही तास खायला दिलं नव्हतं. घरात आल्यावर आधी सू करायच्या जागी, मग कुंपणात. मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं की पहिली संध्याकाळ फक्त बसायचं. थोरली मांडी घालून बसली आणि हात मांडीवरच ठेवले. धाकटा दोन मिनिटांत उठला. त्याला 'शांत बस' म्हणून उपयोग नव्हता. त्याच्या हातात पिल्लाच्या खाण्याचे दाणे दिले आणि एकेक जमिनीवर ठेवायला सांगितलं. हाताला काम मिळाल्यावर तो बसला.

शेजारची मुलंही जमली होती. त्यांना कुंपणाबाहेरून दाखवलं आणि आठवड्याने या म्हटलं. वाईट वाटलं त्यांना, पण पहिल्या दिवशी सात-आठ मुलांचा गराडा नको.

९ डिसेंबर

पहिल्या दोन रात्री हॉलमध्ये एकटं ठेवून पाहिलं. रडून रडून त्याने दमवलं आणि मुलंही जागी झाली. टोपलं आमच्या पलंगाच्या शेजारी आणलं, रात्री कुरकुरला की हात खाली सोडायचा. त्या रात्रीपासून झोपायला लागला. रात्रीतून एकदा सू करायला उठावं लागतंच.

अंथरुणाचं सांगते. यांची नोकरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात, त्यामुळे घरात सेकंड्सचे, म्हणजे किरकोळ दोषाचे, टर्किश टॉवेल भरपूर. तेच अंथरले. दुपारी बारीक किंकाळी ऐकू आली. पाहिलं तर पुढच्या पायाचं नख टॉवेलच्या लूपमध्ये अडकलेलं, आणि तो पाय ओढेल तसा धागा बोटाभोवती आवळत चाललेला. कात्रीने लूप कापून सोडवला, नखाच्या मुळाशी थोडं लाल झालं होतं. मग जुनी सोलापुरी चादर घातली, तर तिच्या दशा ओढून गिळायला लागला. धागा पोटात गेला तर आतडं गुंडाळलं जाऊ शकतं. आता जुनी सुती साडी चौपदरी शिवून, कडा दुमडून घातली आहे. लूप नाही, दशा नाही, धुवायला सोपी.

१३ डिसेंबर

दहावा आठवडा. एकत्रित लसीचा दुसरा डोस आणि जंताचं औषध. डॉक्टरांनी वेळापत्रक लिहून दिलं: हीच लस तेराव्या आणि सोळाव्या आठवड्यात, रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर. तोवर रस्त्यावर चालवायचं नाही, कारण पार्व्होचा (पिल्लांना उलट्या-जुलाब होऊन जीव घेऊ शकणाऱ्या आजाराचा) विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. चपला दाराबाहेर. पण घरात कोंडूनही ठेवायचं नाही म्हणाले. साधारण चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू जे पाहतं-ऐकतं, ते त्याला पुढे साधं वाटतं. म्हणून रोज संध्याकाळी त्याला कडेवर घेऊन फाटकाशी उभी राहते. रिक्षा, भाजीची गाडी, शाळेची बस, सगळं वरूनच.

खाण्यावरून घरात बोलणं झालं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडची कुत्री भाकरी-चटणीवरच वाढली की. काय झालं त्यांना?" त्यांनी मायेने भाकरीच्या तुकड्याला शेंगाचटणी लावून दिली होती. चटणीत लसूण असतो. कांदा आणि लसूण यांनी कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटतात, आणि वजन दोन किलो असल्यावर थोडंही खूप होतं. हे त्यांना डॉक्टरांकडूनच ऐकवलं, सुनेने सांगण्यापेक्षा ते बरं. पण नुसतं 'देऊ नका' म्हटल्यावर त्या दिवसभर गप्प होत्या. म्हणून दुपारचं उकडलेलं अंडं त्यांच्याकडे दिलं. चार वाजता अर्धं अंडं कुस्करून त्याच देतात, आणि तो चारच्या आधीपासूनच त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन बसतो.

बाकी दिवसातून चार वेळा पिल्लांचं कोरडं खाणं, कोमट पाण्यात भिजवून. बार्शीला जे खात होता तेच ठेवलं, नवं हळूहळू आठवडाभरात मिसळलं. दूध बंद, त्याने पातळ होत होतं. बेदाण्याचा डबा आणि मुलांचं चॉकलेट वरच्या फडताळात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात आणि किती खाल्लं तर चालेल याचं सुरक्षित माप नाही. या भागात बेदाणे घरोघरी असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

२० डिसेंबर

शी-सूचं शिक्षण. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून थांबल्यावर लगेच न्यायचं. एवढं पाळलं तर निम्मं काम होतं. महिन्याच्या वयाला साधारण एक तास, एवढाच त्याला दम निघतो. दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाकडून चार तासांची अपेक्षा ठेवून त्याला रागावण्यात अर्थ नाही.

आमची खरी अडचण पाणी. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, प्रत्येक वेळी बादलीभर ओतणं शक्य नाही. आधी फिनेलने पुसत होतो. ते डॉक्टरांनी बंद करायला लावलं, पंजे भाजतात आणि पंजे चाटून ते पोटात जातं. आता जुन्या वर्तमानपत्राने सगळं टिपून घ्यायचं, मग एन्झाइमचं क्लीनर फवारायचं, दहा मिनिटांनी ओलं फडकं. तांब्याभर पाण्यात होतं. वास राहिला तर तो पुन्हा तिथेच करतो, म्हणून हे क्लीनर महाग असलं तरी घ्या.

२८ डिसेंबर

धाकट्याच्या मनगटाला दात लागला, रक्त आलं.

शेंग्या झोपला होता आणि धाकट्याने त्याला मिठी मारून उचलायला घेतलं. मी दोन हातांवर होते, तरी पोचले नाही. पिल्लाने आधी तोंड फिरवलं, मग ओठ चाटले, मग अंग ताठ केलं, आणि मगच चावलं. हे सगळं मोठ्यांच्या लक्षात येतं, चार वर्षांच्या मुलाच्या येत नाही.

लगेच नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतलं. तो रडत होता, तरी वेळ कमी केला नाही. सासूबाई हळद घेऊन आल्या, ती लावू दिली नाही. हळद, चुना, तिखट काहीही जखमेत घालायचं नाही. तिथून थेट दवाखान्यात. पिल्लाला अजून रेबीजची लस झालेली नव्हती, आणि रक्त आलेली जखम तिसऱ्या, म्हणजे सगळ्यांत धोक्याच्या श्रेणीत धरतात. म्हणून जखमेभोवती रेबीजविरोधी सिरम (तयार प्रतिपिंडं) आणि कातडीत लस सुरू झाली, डोस ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते.

'घरचंच पिल्लू आहे, एवढंसं तर आहे' असं चार जणांनी सांगितलं. रेबीज झाल्यावर औषध नाही. बाहेर न गेलेलं पिल्लू असलं तरी हा निर्णय आपण घरी बसून घ्यायचा नाही, डॉक्टरांनी घ्यायचा.

४ जानेवारी

धाकट्याचा तिसरा डोस झाला, जखम भरली. शेंग्याला काल रेबीजची लस दिली.

फ्रिजवर नियमांचा मोठा तक्ता होता. थोरली तो पाळते, धाकट्याला वाचताच येत नाही. तो काढला. धाकट्यासाठी तीनच गोष्टी ठेवल्या आणि त्या घरात बदल करून पक्क्या केल्या.

झोपायच्या टोपल्याभोवती फरशीवर लाल चिकटपट्टी लावली. पट्टीच्या आत शेंग्याचं घर, तिथे हात नाही, पाय नाही, चेंडूसुद्धा नाही. पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं, म्हणजे हीच पट्टी सगळ्यांत जास्त कामाची.

दुसरं, धाकट्याने उचलायचंच नाही. मांडी घालून बसायचं, पिल्लू आलं तर येऊ द्यायचं. थोरली उचलते, तीही बसल्या बसल्या. तिला शिकवताना तिच्या हातावर हात ठेवून दाखवलं: एक तळवा पुढच्या पायांमागे छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि दोन्ही हात एकदम वर, म्हणजे पाठ पाटासारखी सरळ राहते. बगलेत हात घालून लोंबकळत उचललं की सगळं वजन कण्यावर येतं. आधी गव्हाच्या पिठाच्या पिशवीवर सराव केला. पिशवी मध्ये वाकली की परत.

तिसरं, तीन अंक मोजेपर्यंत कुरवाळायचं आणि हात काढायचा. तो पुन्हा अंगाशी आला तर आणखी तीन. तोंड फिरवलं तर झालं. धाकट्याला हा खेळ वाटला आणि तो पाहुण्यांनाही शिकवतो, "मम्मी, त्यांनी चार मोजले की!"

आणि मोठ्यांसाठी एकच. आपल्यापैकी कुणी खोलीत नसेल तर पिल्लू कुंपणात. फोन घ्यायला आत गेलं तरी कुंपणात. गुरगुरला तर त्याला रागवायचं नाही. गुरगुरणं बंद झालं तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल.

१८ जानेवारी

गड्ड्याची यात्रा, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वरांची जत्रा, पार पडली. घर होम मैदानापासून एवढ्या अंतरावर की शोभेच्या दारूकामाचा आवाज गच्चीवर अंगावर येतो. आठवडाभर आधी फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी हळू लावून जेवण द्यायला सुरुवात केली होती, रोज थोडा आवाज वाढवत. दारूकामाच्या रात्री मधल्या खोलीत, खिडक्या बंद, पंखा आणि टीव्ही सुरू, यांनी त्याला मांडीवर घेतलं. थरथरला, पण खाल्लं. मुलं सासूबाईंच्या बहिणीकडे राहून नंदीध्वजांची मिरवणूक पाहून आली. त्या दिवशी मुलं आणि पिल्लू एका घरात नव्हते हे फार सोयीचं झालं, पुढच्या वर्षीही असंच करू.

८ फेब्रुवारी

शेवटच्या लसीनंतर दोन आठवडे थांबून आजपासून रस्त्यावर. गळ्यात पट्टा नाही, छातीचा हार्नेस, मानेला झटका नको. भटक्या कुत्र्यांच्या कोपऱ्यावरून त्याला उचलून नेतो. दोरी थोरलीच्या हातात असली तरी दुसरी दोरी माझ्या हातात.

दुधाचे दात पडायला लागले, चावणं वाढलंय. ओलं फडकं पिळून फ्रीजरमध्ये ठेवून देते, त्याने हिरड्यांना बरं वाटतं. धाकट्याच्या पायात मोजे असले की तो मोजेच धरतो आणि धाकटा पळतो, मग पाठलाग. पळणाऱ्याच्या मागे धावणं हा त्याचा स्वभावच आहे. धाकट्याला 'झाड' व्हायला शिकवलं: थांबायचं, हात अंगाशी, नजर जमिनीकडे. जमतंय, रोज नाही.

आणखी एक दुरुस्ती. सासूबाई 'हड्', थोरली 'नो', धाकटा 'स्टॉप', हे 'ए' म्हणत होते. त्याला काहीच कळत नव्हतं. आता सगळ्यांचं 'सोड', आणि सोडलं की दाणा.

२२ मार्च

रंगपंचमीला त्याला माडीवर ठेवला, उचलून नेऊन. रंग अंगावर पडला तर तो चाटणार, म्हणून मुलं आंघोळ करून आल्यावरच भेटली.

गोचीड सापडली, कानामागे. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढून काढली आणि डॉक्टरांकडून वजनानुसार औषध आणलं. गुरांच्या गोचिडाचं औषध आणून लावायचा सल्ला मिळाला होता, पण ते औषध पिल्लाला विष ठरू शकतं. गोचिडाचा ताप इथे उन्हाळ्यात खूप दिसतो. खाणं सुटलं, हिरड्या फिक्या पडल्या तर थांबू नका. मुलांना काम दिलंय: रोज संध्याकाळी कान, बोटांच्या बेचक्या, शेपटीचं मूळ पाहायचं. थोरली पाहते, धाकटा टॉर्च धरतो.

२६ एप्रिल

ऊन पेटलंय. फिरणं सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री नऊनंतर. पालथा हात डांबरावर सात सेकंद ठेवता आला तरच पंजे खाली. दुपारी तो स्वयंपाकघरातल्या शहाबादीवर पसरतो, दारात ओलं गोणपाट, पाण्याची दोन मातीची भांडी, एक उपडं झालं तर दुसरं असावं म्हणून. मुलांना सुट्टी आहे आणि दुपारी त्याला खेळायला बोलावतात. बारा ते पाच खेळ बंद, यात सूट नाही. जोरात धापा, घट्ट लाळ, गडद लाल हिरड्या दिसल्या तर साधं पाणी अंगावर ओतायचं, पंख्याखाली धरायचं आणि डॉक्टर गाठायचे. बर्फ नको.

आतापर्यंतचा खर्च: पिल्लू १४,०००, कुंपण जाळीसकट २,९००, जिन्याचं दार १,६००, चटया ९००, लसी आणि औषधं सुमारे ५,०००, खाणं महिन्याला १,८०० ते २,०००. वाया गेलं ते प्लायवूड आणि सू शोषणारे कागद. ते कागद तो फाडून खात होता.

वजन साडेपाच किलो. वरून पाहिलं की कंबर दिसते आणि हाताला फासळ्या लागतात, तेवढंच ठेवायचं आहे. वरचा एक दुधाचा सुळा अजून पडला नाही आणि पक्का शेजारून आलाय. लहान जातींत असं होतं. पुढच्या महिन्यात दाखवायचं, नाही पडला तर काढावा लागेल. धाकट्याने पलंगाला उतरण करायला सांगितली आहे, म्हणजे शेंग्याला उडी मारावी लागणार नाही. सुताराला माप दिलंय: रुंदी फूटभर, चढ अगदी कमी, वर रबर.